उजव्या भिंगावरचं टोपण

एका डोळ्याने आकाश पाहणाऱ्यांची माझ्या भावोजींना कीव यायची. दात उपटणं हा त्यांचा धंदा आणि उपदेश हा जोडधंदा. दुर्बिणीला बसवायचं दोन डोळ्यांचं उपकरण त्यांनी मागवलं आणि महिनाभर ताईचं डोकं खाल्लं.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. ते उपकरण एकाच नळीतला उजेड दोन डोळ्यांत वाटून देतं. त्यात दिसणारी खोली हा मेंदूचा गोड गैरसमज. एकदा मी तसं बोलले.

"तू चष्मे विक," भावोजी म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी चंद्र वर आल्यावर त्यांनी गच्चीवर मंडळी जमवली. पहिले डोळे अर्थात त्यांचेच. "अहाहा! हात घातला तर बोटं विवरात जातील!" मग शेजारचे वकील, मग वकिलीणबाई, मग दवाखान्यातली नर्स. जो तो वाकला आणि "काय खोली आहे हो!" म्हणून बाजूला झाला.

माझी पाळी आली. डाव्या डोळ्याला चंद्र, उजव्याला काळोख. चाचपून पाहिलं, तर उजव्या भिंगावर टोपण तसंच.

"भावोजी, हे काढायचं राहिलंय."

वकील स्वतःच्या चपला न्याहाळू लागले.

"मुद्दाम ठेवलं होतं," भावोजी म्हणाले. "फरक कळावा म्हणून."

मला हसू आलं, पण लगेच विरलं. बाकीचे भिडेपोटी खोटं बोलले होते. या माणसाला मात्र खरंच काही कळलं नव्हतं.

मी ताईला बाजूला घेऊन सांगितलं. सोमवारी तिने त्यांना ओढतच दुकानात आणलं. डावा डोळा झाकल्यावर त्यांना तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही वाचता येईना.

"तुझा दिवा मंद आहे."

दिवा ठणठणीत होता. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. म्हणजे हे गृहस्थ कित्येक महिने एका डोळ्याच्या अंदाजाने लोकांच्या हिरड्यांत सुया खुपसत होते, आणि वर खोलीवर व्याख्यानं झोडत होते!

"ऑपरेशन होईपर्यंत दवाखाना बंद," ताई म्हणाली. इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच आवाज चढवला.

ऑपरेशन उत्तम झालं. महिन्याभराने गच्चीवर पुन्हा तीच मंडळी. भावोजी दोन्ही डोळे लावून बराच वेळ वाकून राहिले. उठले ते तोंड वाकडं करूनच.

"उपकरणात खोट आहे. आधी जास्त खोल दिसत होतं."

वकिलांनी लगेच मान डोलावली.