लेकीचं घर पंचवीस सेंटिमीटरवर

मी एक जुना पृथ्वीगोल आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी पार वैतागलेलो आहे.

पुठ्ठ्याच्या दोन वाट्या जोडून मला घडवलं. एका कारागीर बाईने माझ्यावर नकाशाच्या बारा पट्ट्या इतक्या नेटक्या चिकटवल्या, की समुद्राला कुठे सुरकुती नाही. मुलीच्या आठव्या वाढदिवसाला मी या घरात आलो. ती मला गरगर फिरवायची, डोळे मिटून बोट टेकवायची आणि म्हणायची, "मी इथे राहणार!" काय लाड होते माझे! मोठी होऊन ती खरंच लांबच्या शहरात राहायला गेली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. डोक्यावर बटणांचा डबा!

तिचे बाबा जमीन मोजणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांचा जीव भिंतीवरच्या सपाट नकाशावर. मुलीला दिवस गेले, जावई बोटीवर नोकरीला, म्हणून तिने आईला बाळंतपणासाठी बोलावलं. आईचे पाय सुजतात, म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, चौदा तासांहून लांबचा प्रवास नको. बाबांनी लगेच फूटपट्टी काढली आणि नकाशावर दोन शहरांमध्ये सरळ रेघ मारली.

"साडेसोळा हजार किलोमीटर! म्हणजे विमानात वीस तास. विषय संपला."

"अहो, ती म्हणते तेरा तासांत थेट पोचतं," आई म्हणाली.

"तिला तू हवी आहेस, ती काय वाट्टेल ते सांगेल. मी छत्तीस वर्षं मोजण्यात घालवली आहेत."

घालवली, हाच शब्द बरोबर! अहो, तुम्ही मोजलीत ती शेतं आणि प्लॉट. पृथ्वी गोल आहे हो, गोल! कपाटावरून मी किती ओरडलो, पण पुठ्ठ्याचं कोण ऐकणार? दोन महिने रोज हाच वाद. आई शिवणकाम करायची. वाद झाला की ती बाळाचे कपडे शिवायला घ्यायची.

एका दुपारी तिला बटण हवं होतं. डबा निघाला, त्याच्याबरोबर मीही खाली आलो. तिने मला फडक्याने पुसलं, थोडा वेळ बघत राहिली आणि गळ्यातला टेप माझ्या पोटाभोवती गुंडाळला. घेर चौऱ्याण्णव सेंटिमीटर. मग या शहरापासून त्या शहरापर्यंत, थेट उत्तर ध्रुवाजवळून. पंचवीस!

"अहो, इकडे या. गरोदर बाईच्या झग्याचं माप फूटपट्टीने घेतात का?"

बाबांनी स्वतः मोजलं. माझा घेर म्हणजे चाळीस हजार किलोमीटर, हे त्यांना पाठच होतं. त्यांनी त्रैराशिक मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. साडेदहा हजार. "म्हणजे... तेराच तास," ते पुटपुटले आणि चपला अडकवून तिकीट काढायला धावले.

पण दोन महिने वाया गेले ते गेलेच. आई पोचली तेव्हा नात चार दिवसांची होती. लेक एकटीच दवाखान्यात गेली आणि बाळाला घेऊन एकटीच घरी आली. फोनवर ती बाबांना एका शब्दाने बोलली नाही. तेच त्यांना फार लागलं.

आता नकाशा उतरला आहे आणि मी टेबलावर असतो. बाबा मला रोज पुसतात, चष्मा लावून माझ्यावर टेप धरतात. रोज पंचवीसच भरतात. उद्याही पंचवीसच भरणार!

मित्रांनो, जुनी वस्तू अडगळीत टाकण्याआधी तिला काय ठाऊक आहे, ते एकदा बघा. आणि तुमचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे, तेव्हा आमच्या बाबांना जरा ओरडून सांगा: बाबा, मोजणं पुरे झालं. तुमचे पाय तर धड आहेत. आता स्वतःचं तिकीट काढा!