रोटामागचा जावई

नेगोस्लावाच्या, म्हणजे गावाच्या नेगामावशीच्या, घरात शिरायचं तर आधी तीन पायऱ्या खाली उतरायचं, मग मान वाकवायची आणि मग तुळई चुकवायची. ओद्रा नदीकाठच्या ब्रेझिन गावात सगळी घरं अशीच, निम्मी जमिनीत, निम्मी वर. थंडीचा वारा छपरावरून निघून जातो, कोपऱ्यातली दगडी भट्टी ऊब धरून ठेवते, आणि तुळई चुकवायचं तर लोक झोपेतही विसरत नाहीत. विसरायचा तो एकटा नेगामावशीचा जावई.

ठण्ण.

"आई, लागलं."

"मला काय सांगतोस, तुळईला सांग. तिला रोज लागतंय."

जावयाचं नाव वितोमिर. उंची एवढी, की उभ्याने त्याच्याशी बोलणाऱ्याची मान धरावी. लग्नानंतर बायकोला, म्हणजे मावशीच्या ज्वेनाला, आपल्या घरी न्यायचं सोडून हाच सासुरवाडीला येऊन राहिला. आणि पसरला तोही नेमका भट्टीशेजारी, जिथे मावशी वीस वर्षं पाठ शेकत झोपत होती. त्याचे पाय पार दारापर्यंत पोचायचे. पाण्याला जायचं तर मावशीला आधी जावई ओलांडावा लागे.

बरं, कामाचा म्हणावा तर तेही नाही. जंगल तोडायला पाठवला, तर कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटलं आणि कारभारी गोस्तिवितचं बदक गारद झालं. मध काढायला झाडावर चढवला, तर मध राहिला ढोलीतच, माश्या तेवढ्या याच्या मागोमाग गावात आल्या. त्या दिवशी पंचांची बैठक पहिल्यांदाच वेळेत संपली.

एक मात्र त्याला यायचं. श्वास कोंडून धरणं. एकदा मासे धरायला म्हणून त्याने नदीत बुडी मारली. ती इतकी लांबली की काठावर ज्वेनाने केस सोडून रडायला घेतलं, शेजारणींनी तिची समजूत काढली, एकीने तर दुसरं स्थळही सुचवलं. तेवढ्यात हा वर आला. हातात मासा नव्हता.

"खाली छान गार आहे," म्हणाला.

आता असल्या कलेचा उपयोग तो काय? पण वसंतात गावचा म्हातारा पुजारी मालुता जेवता जेवता गेला, आणि मावशीचं नशीब फळफळलं.

ब्रेझिनचा देव चौमुखी. म्हणजे तोंडं कोरलेली तीनच. चौथी बाजू भिंतीकडे येत होती, म्हणून कोरणाऱ्याने तिथे हात आखडता घेतला. पण देव फार सोवळ्याचा. माणसाचा श्वास त्याला लागता कामा नये. पुजाऱ्याने देऊळ झाडायचं ते श्वास रोखून, आणि अगदीच जीव कासावीस झाला तर दाराबाहेर पळत येऊन श्वास घ्यायचा. गोस्तिवितला पुजारी करायचा होता आपला पुतण्या. तो दुसऱ्याच कोपऱ्यात निळा पडला. वितोमिरने चारही कोपरे झाडले, देवाच्या सहाही कानांवरची धूळ पुसली, आणि बाहेर येऊन विचारलं, "अंगण पण झाडू का?"

झाला पुजारी. देवळाशेजारचं पुजाऱ्याचं घर मिळालं. ते घर जमिनीवर बांधलेलं, लाकडाचं, कोरडं ठणठणीत. ज्वेना आणि तो तिकडे राहायला गेले. नेगामावशीने त्या दिवशी दुपारीच भट्टीशेजारी अंथरूण टाकलं, हातपाय ताणले आणि घोरायला लागली.

असे पाच महिने सुखाचे गेले. मग आला सुगीचा सण.

या सणाला गावाचा एक रोट होतो. घरटी पीठ आणि मध गोळा करायचा, खड्ड्यात तापलेल्या दगडांवर एकच एक गोल रोट भाजायचा, आणि देवळासमोर तो चाकासारखा उभा करायचा. पुजाऱ्याने त्याच्या मागे ताठ उभं राहायचं. वाकायचं नाही, गुडघा मोडायचा नाही. मग गावाला तीनदा विचारायचं, "दिसतो का मी?" गाव म्हणालं "नाही दिसत," की येणारं वर्ष भरभराटीचं. दिसला, तर पुजारी अपशकुनी, नवा बघायचा.

मालुता एवढा बुटका होता की त्याच्यापुढे भाजीची टोपली ठेवली असती तरी भागलं असतं. त्यामुळे वीस वर्षं गाव खुशाल "नाही दिसत" ओरडत आलं होतं. रोट भाजायचा मान नेगामावशीचा. त्यासाठी वाळुंजाच्या फांद्यांचं वळलेलं जुनं कडं तिच्याकडे होतं, मालुताच्या मापाचं. यंदा तिने ते वितोमिरच्या शेजारी उभं करून पाहिलं. कडं त्याच्या छातीशी संपलं.

मावशी तडक कारभाऱ्याकडे गेली. तो दारात बसून सालीचे जोडे विणत होता. बायको बेलिना शेजारी मडकं घडवत होती. बेलिनाची मडकी साऱ्या गावात ओळखू यायची. एकजात डावीकडे कलती, जशी काही शेजारच्या घरातलं चोरून ऐकतायत.

"कारभारी, यंदा पीठ दुप्पट लागणार."

"दुप्पट?" गोस्तिवितने मान वर केली. "गारांनी अर्धं पीक झोपवलं, माहीत आहे ना? यंदा निम्मंच निघेल."

"अहो, पुजारी मोठा आहे यंदाचा."

"पुजारी मोठा झालाय मावशी, देव नाही झाला. नसेल जमत तर माझा पुतण्या आहे की. जुन्या कड्यात मावतो, वर बोटभर जागा उरते."

"जावयाला पुन्हा माझ्या घरी धाडायचा बेत आहे होय तुमचा?"

"मी कोण धाडणारा? देव आहे, त्याची इच्छा." आणि गडी गालात हसला.

निम्म्या पिठात तर जुनं कडंही भरेना. मावशीने त्यात ओकची फळं कुटून घातली, कोंडा घातला, उकडलेले सलगम घातले, वरून मध माखला. रोट निघाला दिसायला झकास, वासाला झकास. ज्वेनाने एक कण चाखला आणि तोंड फिरवलं.

"आई, कडू आहे गं."

"खायचा नंतर आहे. आधी लपायचा आहे."

पण लपणार कसा? मावशीने सणाच्या सकाळी घराच्या पायऱ्यांवर बसून खूप डोकं खाजवलं. रोट उंच होत नाही. जावई कमी होत नाही. तेवढ्यात समोरून बेलिना स्वतःच्या घरात उतरताना दिसली. आधी पाय गेले, मग कंबर, मग डोकं, आणि अख्खी बाई नाहीशी. मावशी ताडकन उठली. घर जमिनीत घालता येतं, तर पुजारी का नाही?

लोखंडी कड लावलेलं फावडं खांद्यावर टाकून ती भर उन्हात देवळासमोर पोचली आणि खणायला लागली. गोस्तिवित अर्धा जोडा विणलेला हातात घेऊन धावत आला.

"ए मावशी! तिथे नको! देवळासमोर खणायचं नाही, नियम आहे!"

"कधीपासून?"

"आत्ता... म्हणजे, मालुताच्या वेळेपासून."

"रोट उभा करायला खाच नको का? आडवा पडला म्हणजे?"

"मग जरा तिकडे खण. त्या खांबाकडे."

"का? इथे काय आहे?"

एव्हाना सणासाठी जमलेली माणसं गोळा झाली होती. गोस्तिवितने त्यांच्याकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. "इथे... जागा पवित्र आहे," तो म्हणाला.

"मग देवाचा रोट काय उकिरड्यावर उभा करू?"

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "खणू द्या हो, कारभारी, म्हातारी घामाघूम झालीय." गोस्तिवित नुसता खड्ड्याच्या कडेने येरझाऱ्या घालत राहिला, व्यायला आलेल्या गाईच्या मालकासारखा.

माती भुसभुशीत होती, भराभर निघाली. मांडीएवढी खोली झाल्यावर फावडं कशावर तरी आपटलं आणि खालून ढब्ब असा पोकळ आवाज आला. लाकूड असावं. मावशीने जावयाला खड्ड्यात उभं केलं, दुरून डोळा बारीक करून पाहिलं. जमतंय. मग लाकूड असो की दगड, तिला काय करायचंय? तिने फावडं बाजूला ठेवलं.

आठ जणांनी रोट उचलून खड्ड्यापुढे उभा केला, दोन्ही बाजूंनी टेकू दिले. वितोमिर मागे जाऊन खड्ड्यात उतरला. पाय ताठ, गुडघे सरळ, नियमात कुठे खोट नाही. गाव समोर उभं राहिलं. बायकांच्या कानशिलांवरच्या काशाच्या कड्या उन्हात चमकत होत्या. मावशीने दोन्ही मुठी आवळल्या.

"दिसतो का मी?" रोटामागून आवाज आला.

"नाही दिसत!"

"थांबा!" गोस्तिवित ओरडला. "केस दिसतायत!"

खरंच. पुजाऱ्याने केस कापायचे नसतात, आणि वितोमिरचे ते डोक्यावर कावळ्याच्या घरट्यासारखे उभे राहायचे. रोटाच्या वर चांगला वीतभर झुपका डुलत होता.

"केस म्हणजे काय पुजारी झाला?" मावशी कडाडली.

"मग काय, ते केस माझे झाले?"

"तुमच्या डोक्यावर एक नाही, म्हणजे तुम्ही कारभारी नाही का?"

यावर गावात दोन तट पडले. एक म्हणे, केस मुळापासून पुजाऱ्याचेच. दुसरा म्हणे, मग गेल्या वर्षी मालुताची दाढी वाऱ्याने बाहेर आली होती, तेव्हा का नाही बोललात? रोटामागे वितोमिर हे सगळं ऐकत होता. केस बसवायला त्याने डोक्यावर हात दाबला. तेवढ्याने भागेना, म्हणून टाचा रोवून अंग खाली दाबलं. आणि विचारलं, "दिसतो का—"

कडाड्!

झुपका गडप झाला. रोटामागून धुळीचा लोट उठला.

गाव दबकत दबकत रोटाला वळसा घालून मागे आलं. खड्डा होता. खड्ड्यात आणखी एक काळंकुट्ट भोक होतं. पुजारी नव्हता. ज्वेनाने सवयीने केस सोडायला घेतले.

"गप गं," मावशी म्हणाली, पण तिचाही जीव टांगणीला लागला होता. पाच महिन्यांत पहिल्यांदाच तिला वाटलं, दिसू दे बाई एकदाचा.

आणि जमिनीखालून, लांबून, घुमत आवाज आला. पुजाऱ्याने तीनदा विचारायचं असतं. गडी नियमाला चुकला नाही.

"दिसतो का मी?"

सगळं गाव एका दमात ओरडलं, "नाही दिसत!!"

"मलाही काही दिसत नाही," खालून आवाज आला. "पण इथे वरी आहे. गळ्यापर्यंत आहे. दोरी टाका."

दोरीने वर आला तेव्हा त्याच्या दाढीतून, कानांतून, बाह्यांतून वरीचे दाणे गळत होते. खाली धान्याचं पेव होतं, चांगलं दोन पुरुष खोल, भूर्जाच्या सालीने आतून मढवलेलं, वर ओंडके आणि माती. वितोमिरच्या काखेत एक मडकं होतं. सगळ्यांनी ते पाहिलं. ते डावीकडे कललं होतं.

"अगंबाई, हे तर माझं!" बेलिना पुढे झाली. "अहो, हे नदीत वाहून गेलं म्हणाला होतात ना तुम्ही? आणखी किती आहेत हो पुजारीबुवा?"

"सहा लागली पायाला," वितोमिर म्हणाला. "एक फुटलं. माफ करा, वहिनी."

मग सगळं उलगडलं. देवाच्या नावाने घरटी जी वरी गोळा व्हायची, तिच्यातली अर्धी मालुता आणि गोस्तिवित मिळून वर्षानुवर्षं खाली ढकलत होते. मालुता गेला, आता सगळं गोस्तिवितचंच होतं. फक्त देवळासमोर कुणी खणायला नको होतं, एवढंच.

"मी ते गावाच्याच अडीअडचणीला ठेवलं होतं," गोस्तिवित पुटपुटला.

"मग आली की अडचण. गारा पडल्या," मावशी म्हणाली. "आज सांगणारच असाल तुम्ही."

पंचांनी तिथल्या तिथे निकाल दिला. वरी गावाची, थंडीत घरटी वाटायची. पुजारी वितोमिरच, कारण इतका न दिसणारा पुजारी गावाला कधी मिळाला नव्हता. आणि रोटाचा सगळ्यात मोठा तुकडा कारभाऱ्याला, सगळ्यांसमोर, शेवटच्या कणापर्यंत. ओकच्या फळांचा तो कडवट घास घोळवताना गोस्तिवितचा चेहरा पाहून पोरंटोरं लोळून हसली. मावशीने तर दोनदा विचारलं, "आणखी मध घालू का, कारभारी?"

प्रश्न उरला एकच. वरी ठेवायची कुठे? पेव तर पुजाऱ्यानेच फोडलं होतं. गोस्तिवितकडे ठेवायला कुणी तयार नव्हतं, आणि आता एकमेकांकडेही कुणी तयार होईना.

"पुजाऱ्याचं घर आहे ना," कुणीतरी म्हणालं. "कोरडं आहे, देवाच्या नजरेत आहे."

"वा!" "बरोबर!" "वसंतापर्यंत तिथेच!"

"अहो, पण मग पुजारी राहील कुठे?" पंचांनी विचारलं.

गोस्तिवितने कसाबसा घास गिळला. दिवसभरात पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू आलं.

"सासूबाई आहेत की," तो म्हणाला.

सूर्य मावळायच्या आत ज्वेना गाठोडं घेऊन पायऱ्या उतरली. मागोमाग ठण्ण.

"आई, लागलं."

मावशी भट्टीशेजारी पाठ टेकून बसली होती. तिने जावयाकडे पाहिलं. कपाळावर टेंगूळ, दाढीत अजून वरीचे दाणे. एक दाणा टपकन तिच्या मांडीवर पडला. तिने तो उचलून तोंडात टाकला, उठली, कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि तुळईच्या बरोबर खाली जमीन खणायला लागली.

"काय करताय, आई?"

"तुळई काही वर जायची नाही. पाय घे तिकडे."

हातभर खोल चर झाल्यावर तिने घाम पुसला आणि मानेनेच खूण केली. वितोमिर बाहेर गेला, पायऱ्या उतरला, डोळे घट्ट मिटले, चरात पाय टाकून तुळईखालून ताठ चालत आला. काही वाजलं नाही. त्याने एक डोळा उघडला, मग दुसरा.

"दिसतो का मी?"

"दिसतोस रे बाबा," मावशी म्हणाली. "चांगला टोलेजंग दिसतोस. आता हे फावडं धर आणि तुझ्या पायांसाठी त्या भिंतीत भोक पाड. भट्टीशेजारी मी झोपणार आहे."