ओट्याचं माप

मेलेल्या माणसाचं माप घेतात, हे कोतवालिणीला ठाऊक होतं. पण रविवारी सकाळी तिच्या मुलाने, ती समोर बसलेली असताना, तिच्या धडधाकट ओट्याचं माप घ्यायला सुरुवात केली. विचारणं नाही, सांगणं नाही. सर्रकन टेप ओढायची, आकडा मोबाइलमध्ये टिपायचा, मधूनच बोटाच्या पेराने लाकडावर टकटक करायची आणि तोंड असं करायचं, की जणू हा डॉक्टर आहे आणि आता नातेवाइकांना बाहेर बोलावून काहीतरी सांगणार आहे. आई काकडी सोलत होती. टेप तिच्या कोपराला लागली, तर वर म्हणाला, "सरक जरा." आईला!

कोतवालीण हे काही तिचं नाव नव्हे. गल्लीने दिलेलं. कोणाची कचऱ्याची बादली कोणाच्या दारात सरकली आणि कोणाचा नळ दिवसभर ठिबकतोय, यावर तिचं लक्ष असायचं, आणि लक्ष असलं की तोंडही असायचं. लोक पाठीमागे हसत आणि पुढ्यात बादली उचलत.

"काय चाललंय?" तिने विचारलं.

"माप घेतोय."

"ते दिसतंय. डोळे आहेत अजून. कशाला?"

"दगड बसवायचाय. काळा, गुळगुळीत. शनिवारी माणसं येतील, हे लाकूड उचलतील, दोन तासांत काम."

"कोणाचं लाकूड?"

"आई, आता सुरू करू नकोस."

"मी कुठे सुरू केलं? सुरू तू केलंस. मी अजून काकडी सोलतेय."

तो ओटा म्हणजे मुळात बेकरीतलं पावाची कणीक मळायचं टेबल. सात फूट लांब, चार बोटं जाड. कोतवालिणीची शाळा तिसरीत सुटली, आणि पुढे जे काही शिकली ते बावीस वर्षं ह्या टेबलापाशी उभं राहून. बेकरी बंद पडली तेव्हा यंत्रं विकली गेली आणि टेबल भट्टीत घालायचं ठरलं. ही टेबलावर जाऊन बसली. कुऱ्हाड घेऊन आलेल्या माणसाला म्हणाली, आधी मला तोड. संध्याकाळी नवरा हातगाडी घेऊन आला तेव्हाच खाली उतरली. नवऱ्याने आणि त्याच्या सुतार दोस्ताने मिळून पाय कापले, उंची हिच्या कमरेच्या बेताची केली, आणि टेबल खिडकीखाली भिंतीला बसवलं. तेव्हापासून आजतागायत बेकरीचीच शिस्त: रोज संध्याकाळी गरम पाण्यात पिळलेलं फडकं, लगेच मागून कोरडं फडकं, आणि महिन्यातून एकदा जवसाचं तेल. तेल पातळ लावायचं आणि अर्ध्या तासाने उरलेलं पुसून काढायचं. पुसून काढायला लोक विसरतात. ती कधी विसरली नाही.

"काय वाईट आहे त्यात?" ती म्हणाली.

मुलगा एकदम बोलून मोकळा झाला. "वास येतो, आई. कुबट. परवा साहेब जेवायला आले होते ना, त्यांनी नाकाला रुमाल लावला. जेवताना! मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं."

"कसला वास? मी रोज इथे उभी असते. मला नाही येत."

"तुला कुठे कसलाच वास येतो?"

तो बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कळलं. टेप आपोआप सर्रकन आत गेली.

दोन वर्षांपूर्वी तिला मोठा ताप आला होता. ताप उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. साबण, फुलं, करपलेलं दूध, सगळं सारखंच, म्हणजे काहीच नाही. घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि आजवर कोणी तोंडावर बोललं नव्हतं. ज्या बाईने बावीस वर्षं नुसत्या वासावरून पाव भट्टीतून काढला, तिला तिच्याच ओट्याबद्दल हे ऐकून घ्यायचं. आणि उलट उत्तर द्यायची सोय नाही, कारण उत्तर नाकात होतं.

तिने काकडीची शेवटची साल काढली. मग सुरी खाली ठेवली.

"शनिवारी ना? ठीक. शनिवारी ह्या ओट्याला कुबट वास आला, तर मी स्वतः एका बाजूने धरून बाहेर काढीन. नाही आला, तर ओटा राहील आणि मी सांगेन ते तू करशील."

"आणि वास येतो की नाही हे ठरवणार कोण?"

"ती." तिने दाराकडे हात केला. सून कपड्यांची बादली घेऊन निघाली होती, ती जागीच थांबली. "हिचं नाक कुत्र्यासारखं आहे. शेजारणीने कांदा चिरला की हिच्या डोळ्यांत पाणी."

"आई, मला कशाला मध्ये घेता?" सून म्हणाली.

"नाक तुझं, तोंड तुझं. फक्त बोलताना नवऱ्याकडे बघायचं नाही आणि माझ्याकडेही नाही. लाकडाकडे बघून बोलायचं."

त्याच दुपारी तिने ओटा रिकामा केला. बरण्या जेवणाच्या टेबलावर, भांडी खुर्च्यांवर, एक पातेलं तर टीव्हीवर. मग माळ्यावरच्या पेटीतून बेकरीतलं पोलादी पातं काढलं आणि दोन्ही हातांनी धरून, रेषेरेषेने ओढायला लागली. पात्यावर जे जमलं ते बघून तिच्या कपाळाला आठी पडली. तपकिरी, गोंदासारखं चिकट. बोटाला लावलं तर बोट सुटेना. जवसाचं तेल असं कधी करत नाही. ते वाळतं, कडक होतं, लाकडाचंच होऊन जातं.

मग कोणीतरी काहीतरी केलंय. आणि घरात दुसरी बाई एकच.

"ओल्या फडक्याने ओटा पुसून तसाच सोडतेस ना तू?"

"मी?" सून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुम्ही मला ओट्याला हात लावू देता? लग्नाला नऊ वर्षं झाली, मी चहाचा कप ठेवला तरी तुम्ही खाली कागद सरकवता."

"आणि ही कापायची फळी? बुडाशी फाटलीय ही. बेसिनमध्ये भिजत कोणी ठेवली?"

"ती मी ठेवली," सून म्हणाली. "ती कबूल. दोनदा. पण ओट्याचं माझ्यावर ढकलू नका."

कोतवालिणीला सुनेचं हे आवडलं, पण आवडल्याचं दाखवायची तिला सवय नव्हती. "फळी धुतली की कडेवर उभी करायची," ती म्हणाली. "आडवी ठेवली की एका अंगाने ओली राहते, मग वाकते, मग फाटते. माणसासारखंच आहे, दोन्ही बाजूंनी वारा लागला पाहिजे. ये इकडे, ते दुसरं टोक धर."

सून आली. संध्याकाळपर्यंत दोघींनी मिळून पातं चालवलं. वरचा चिकट थर गेला आणि खाली जे लागलं ते बघून म्हातारी थबकली. खालचं लाकूड कोरडं होतं, टणक, मधासारख्या रंगाचं. कीड नाही, कुजकेपण नाही. म्हणजे घाण होती ती फक्त वरची. जुनी नव्हती. फार तर दोन वर्षांची.

सोमवारी पातं पाजळून आणायला ती सुताराकडे गेली. सुतार म्हणजे नवऱ्याचा तोच दोस्त, आता सत्तरी ओलांडलेला, अजूनही दुकानात रंधा मारणारा. तिने पिशवीतून घरचा तेलाचा डबाही काढला.

"भावजी, ह्याचा वास घ्या बरं. जवसाचं आहे ना?"

"वहिनी, मला विचारता?" सुतार हसला. "पन्नास वर्षं भुसा आणि तपकीर. माझं नाक तुमच्या आधी गेलंय."

"वा! दोघं मिळून एक नाक नाही."

"नाक नाही तर नाही. बोट आहे ना?" त्याने आपल्या कपाटातली बाटली काढली. "हे माझं, खात्रीचं जवसाचं. घरी जाऊन दोन बशा घ्या. एकीत तुमचं चोळा, एकीत माझं. पातळ हं, नुसता हात फिरवल्यासारखं. खिडकीत ठेवा. जवसाचं असेल ते वाळेल. नसेल ते नाही वाळणार. तेलाला खोटं बोलता येत नाही."

दोन बशा खिडकीत बसल्या, आणि ओट्याचं काम पुढे गेलं. सोमवारी संध्याकाळी जाड मीठ टाकून अर्ध्या लिंबाने घासलं, डाग होते तिथे जास्त, नळापाशी सगळ्यात जास्त. गरम पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसलं, कोरड्याने तीनदा. खिडकी सताड उघडी ठेवली. मंगळवारी दुपारी बारीक पॉलिश पेपर, लाकडाच्या रेषेबरोबर, आडवा एकदाही नाही. सून एकदा आडवी गेली, तर म्हातारीने तिच्या मनगटावर चापट मारली. मग सुताराच्या बाटलीतलं तेल, हाताच्या तळव्याने, आणि अर्ध्या तासाने पुसून घेतलं.

"ही फडकी टाकू का बादलीत?" सुनेने विचारलं.

"घर पेटवायचंय? जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून ठेवलं की आपोआप तापतं आणि पेट घेतं. बेकरीत एक कपाट जळालं होतं. बाहेर दोरीवर पसरून घाल, एकेक वेगळं."

मुलगा कामावरून आला की दारातूनच आत डोकावे आणि निघून जाई. बुधवारी म्हणाला, "दगड कापून तयार आहे, बरं का. परत घेत नाहीत ते." आईने उत्तर दिलं नाही. गप्प बसलेली कोतवालीण त्याने जन्मात पाहिली नव्हती. तो दोन घास कमी जेवला.

शुक्रवारी सकाळी तिने बशांवर बोट फिरवलं. सुताराच्या बशीत पातळ, किंचित चिकटणारं कातडं धरलं होतं, नखाने ओरखडा उठत होता. घरच्या बशीत बोट सरकन घसरलं. पहिल्या दिवसासारखं ओलं, तेलकट.

तिने सुनेला हाक मारली. आवाज चढवला नाही. "हा डबा कोण भरतं?"

सून ओढणीच्या टोकाशी खेळायला लागली.

"मी तुला विचारतेय. लाकडाकडे बघून सांग."

"तेच भरतात. तुमच्या तापानंतर बाजार त्यांच्याकडेच आहे ना. जवसाचं तेल मिळतं ते दुकान लांब पडतं." ती थांबली. "तळणाचं तेल आहे ते, आई. मी एकदा म्हटलं होतं त्यांना. ते म्हणाले, आईला कुठे वास येतोय."

कोतवालीण खुर्चीवर बसली. म्हणजे दोन वर्षं तीच, स्वतःच्या हाताने, दर महिन्याला, इमानेइतबारे आपल्या ओट्याला घाण चोपडत होती. आणि ज्याने तिच्या हातात ते तेल दिलं, तोच टेप घेऊन आला होता.

"आता त्याच्याशी भांडू नकोस," ती सुनेला म्हणाली. "ते माझं काम आहे."

शनिवारी दहाच्या सुमाराला दोन माणसं आली. दगड बाहेर गाडीत होता. त्यातला मोठा स्वयंपाकघरात आला, त्याने ओट्यावरून हात फिरवला, परत एकदा फिरवला आणि मुलाकडे पाहिलं. "हे काढायचंय?"

"थांबा दोन मिनिटं," कोतवालीण म्हणाली. "आमच्याकडे आज परीक्षा आहे. बसा, पाणी घ्या."

सुनेने पदर खोचावा तशी ओढणी खोचली, वाकली आणि लाकडाला नाक लावलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. नळामागे वास घेतला, भिंतीच्या फटीत घेतला. पाणी पिणाऱ्याने घोटसुद्धा हळू घेतला.

"थोडासा येतोय," ती लाकडाकडे बघून म्हणाली.

मुलगा पुढे झाला.

"कापलेल्या गवतासारखा. नव्या तेलाचा. कुबट अजिबात नाही." मग ती सरळ उभी राहिली, फडताळातून तेलाचा डबा काढला, झाकण उघडलं आणि नवऱ्याच्या नाकासमोर धरला. "कुबट हा येतोय."

हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. म्हातारीच्या ओठाचा कोपरा हलला.

मग म्हातारीने दोन बशा ओट्यावर ठेवल्या. "बोट लाव. ह्याच्यात. आता ह्याच्यात."

त्याने लावलं. त्याला जवसाचं काही कळत नव्हतं, पण आईचा चेहरा कळत होता.

"आई, ते दुकान खरंच लांब आहे. मला वाटलं, तेल ते तेल."

"दोन वर्षं वाटत राहिलं?"

"तुला कळत नव्हतं म्हणून..." दगडवाल्यांपैकी धाकटा छताकडे बघायला लागला.

कोतवालीण उठली. ओट्याला तळवा टेकून उभी राहिली, बेकरीत उभी राहायची तशी.

"आता माझं ऐक, आणि ह्या दोघांच्या देखत ऐक, म्हणजे नंतर ऐकलं नाही म्हणायला नको. माझं नाक गेलं ते तापाने नेलं, त्याचं मला काही वाटत नाही. तू ते गेलेलं बघून माझ्या हातात खोटं तेल दिलंस, आणि घाण झाली तेव्हा माप घ्यायला आलास. ओटा राहतोय. हा दगड परत घेत नाहीत म्हणालास ना? बरं झालं. मागच्या दारी नळाखाली बसवा, दादा, पाणी वाहून जाईल असा उतार द्या. त्यावर ह्याच्या पँटी धुतल्या जातील. हाच धुणार. आणि तू, आजपासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या लांबच्या दुकानात चालत जायचंस, जवसाचं तेल आणायचंस, ओट्याला आपल्या हाताने लावायचंस, अर्ध्या तासाने पुसून काढायचंस आणि फडकं दोरीवर पसरायचंस. मी इथे खुर्चीवर बसून काकडी सोलेन. आणि मध्ये आलास, तर सरक जरा म्हणेन."