म्हशींची डॉक्टर, मुक्काम मलिंगार

आयर्लंडच्या पशुवैद्यक परिषदेचं पत्र आलं तेव्हा गिरिजा कणीक मळत होती. हरीशनं पाकीट फोडलं, घाईघाईनं मजकूर वाचला आणि म्हणाला, "नाही म्हणालेले नाहीत."

"मग काय म्हणालेत?"

"परीक्षा द्या म्हणतात. डब्लिनला. लेखी, तोंडी, जनावरं तपासून दाखवायची, सगळं."

गिरिजा नागपूरला शिकलेली जनावरांची डॉक्टर. पाच वर्षं कॉलेज आणि मग सहा वर्षं भंडाऱ्याकडच्या सरकारी दवाखान्यात नोकरी. २००३ साली तिच्या नवऱ्याला, हरीशला, मलिंगारजवळ वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली, आणि ती त्याच्यामागोमाग आयर्लंडला आली. इथे घराच्या तिन्ही बाजूंना कुरणं आणि कुरणांत गाईच गाई. पण तिची पदवी इथे चालत नसल्यानं एकीलाही हात लावायची सोय नव्हती. वर्षभर ती खिडकीतूनच कुठली गाय लंगडतेय, कुठली माजावर आलीय, ते बघत बसली होती.

"सात वर्षांनी पुन्हा परीक्षेला बसू?" ती चिडून म्हणाली. पण कणकेचे हात धुऊन तिनं ते पत्र तीनदा वाचलं.

नुसत्या पुस्तकांनी भागणार नव्हतं. इथले रोग वेगळे, औषधं वेगळी, कायदे वेगळे. कुणातरी डॉक्टरबरोबर हिंडायला हवं होतं. तिनं आसपासच्या नऊ दवाखान्यांना पत्रं लिहिली. उत्तर एकाचंच आलं, तेही फोनवर.

"मी टॉम फॅरल. आजवर अडलेल्या किती गाई सोडवल्यास?"

"गाई थोड्या. म्हशी पुष्कळ."

पलीकडे खो खो हसू. "मी जन्मात म्हैस पाहिली नाही. सोमवारी आठला ये. गमबूट आण."

टॉम साठी ओलांडलेला, गुडघ्यानं अधू आणि बोलका. गाडी चालवता चालवता तो तिला प्रश्न विचारी आणि उत्तर चुकलं की गाडी थांबवून समजावी. घोड्यांचं तिला काहीच येत नव्हतं, म्हणून दर शुक्रवारी तिला ओळखीच्या तबेल्यात नेऊन सोडी. तिथे एका घोडीनं तिच्या दंडाला चावा घेतला तेव्हा तो म्हणाला, "ग्रँड! आता तू इथली झालीस."

मार्च महिन्यात एका रविवारी सकाळी मार्टिन नावाच्या शेतकऱ्याचा निरोप आला. गाय अडली होती. टॉमनं हात घातला, बराच वेळ धडपडला, घामाघूम झाला.

"पिशवीला पीळ पडलाय. फिरत नाही. पोट फाडावं लागणार."

"मी बघू?" गिरिजानं विचारलं.

टॉम बाजूला झाला. तिनं खांद्यापर्यंत हात घातला, डोळे मिटले. ही वाट तिच्या बोटांच्या चांगल्या ओळखीची होती. "पीळ उजवीकडे आहे. वासरू जिवंत आहे. आमच्याकडे म्हशींना हे सारखं होतं. मार्टिन, लांब फळी आहे का?"

"फळी कशाला?"

"गाईला उजव्या कुशीवर पाडायचं. पोटावर फळी ठेवून मी तिच्यावर उभी राहते. तुम्ही पाय ओढून तिला झटक्यात लोळवा. आतली पिशवी जागच्या जागी राहते, गाय फिरते आणि पीळ सुटतो."

मार्टिननं टॉमकडे पाहिलं. "हिचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तूर्त माझ्यापेक्षा बरं दिसतंय," टॉम म्हणाला. "फळी आण."

पहिल्यांदा लोळवली, काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. मार्टिन पुटपुटायला लागला. तिसऱ्यांदा गाय उलटताना गिरिजा फळीवरून सरळ चिखलात पडली. तशीच उठून तिनं हात घातला आणि मराठीतच ओरडली, "सुटला! पीळ सुटला!"

भाषा कळली नाही तरी अर्थ दोघांनाही कळला. वीस मिनिटांत दोरानं ओढून त्यांनी वासरू बाहेर काढलं. तिनं त्याच्या नाकात गवताची काडी घातली, ते शिंकलं आणि मान हलवायला लागलं. कालवड होती. मार्टिननं टोपी काढून डोकं खाजवलं. "चहा घेऊन जा," एवढंच तो म्हणाला. पण चहाबरोबर फ्रूटकेकचे इतके जाड तुकडे आले की टॉमनं भुवया उंचावल्या.

सप्टेंबरात डब्लिनला परीक्षा झाली. तोंडीला परीक्षकांनी घोड्याच्या पोटशुळावर अर्धा तास तिचा पिच्छा पुरवला. दर शुक्रवार कामी आला. निकालाचा फोन हरीशनं घेतला आणि कारखान्यातल्या चार मित्रांना सांगून मगच तिला सांगितला, म्हणून ती त्याच्यावर दिवसभर लटकी रागावली. नागपूरला बाबांना फोन केला तर ते, अंतर जास्त म्हणून की काय, एवढ्या मोठ्यानं "शाब्बास!" ओरडले की तिला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला.

इथे नोकरीला असलेल्या परदेशी लोकांच्या बायकांना कामाचा परवाना मिळणं त्या वर्षी सोपं झालं होतं. टॉमनं तिला आपल्या दवाखान्यात घेत अर्जावर सही केली आणि म्हणाला, "माझा गुडघा तुझा आभारी आहे."

पहिल्या दिवशी तिच्या वाट्याला काय आलं? क्षयाची तपासणी. एकशे चाळीस गाई, प्रत्येकीच्या मानेवर दोन सुया, वरून पाऊस. संध्याकाळी दारात उभी राहिली तेव्हा ती डोक्यापासून पायापर्यंत शेणानं माखलेली होती.

"अगं, काय हा अवतार! कसा गेला दिवस?" हरीशनं विचारलं.

"दोनदा लाथ बसली," ती म्हणाली आणि उंबऱ्यातच गमबूट ओढता ओढता हसत सुटली. "उद्या अजून नव्वद आहेत!"