भारिणीच्या खांद्यावरचा माणूस

तिने त्यांच्या काखांखालून हात घातले, आपला उजवा गुडघा त्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये रोवला आणि रोजच्यासारखं कानाशी म्हणाली, "हं, चला."

आणि ते आले. इतके चटकन आले की तिचाच तोल गेला आणि दोघं मिळून कपाटावर आपटता आपटता वाचली. तिने त्यांना कसंबसं फिरवून खुर्चीत बसवलं, पाठीशी उशी कोंबली आणि कमरेवर हात ठेवून धाप लागायची वाट बघत उभी राहिली. धाप काही लागली नाही.

"अहो, पंख फुटले की काय तुम्हाला?"

ते हसले. म्हणजे तोंडाची एक बाजू हसली. दुसरी बाजू अर्धांगाचा झटका आल्यापासून कशातच भाग घेत नव्हती.

"शाब्बास!" ती म्हणाली. "व्यायामाचा गुण आला म्हणायचा. असंच करत राहा, किती सोपं जातं बघा मला."

नवरा मोठ्या हाडापेराचा माणूस. गोदामात आधी हमाल, मग हमालांचा मुकादम. माणूस दारातून आत आला की तो किती ओझं पेलेल हे ते त्याच्या चालीवरून सांगायचे, आणि चुकायचे नाहीत. लग्नानंतर तिने पहिल्यांदा खांद्यावर ओझं घेतलेली बाई कागदावर काढली, तेव्हा चित्र बघून ते पोट धरधरून हसले होते. "अगं, ही पोतं उचलतेय की छत्री?" असं म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातली धान्याची गोणी आणली आणि खोलीभर फिरून तिला दाखवलं. ओझं खांद्यावर असतं, पण दिसतं ते टाचेत. मान कुठे जाते, पोटऱ्या कशा फुगतात, तोंड कसं आवळतं. तिने सगळं मुकाट्याने टिपून घेतलं आणि त्याच्यावर पुढची सगळी वर्षं काढली.

कारण तिच्या चित्रकथेची नायिकाच तशी होती. भारिणी. हात लावील ते हलकं करणारी, आणि मनात आणलं तर चोराच्या खिशातलं नाणं जात्याएवढं जड करणारी. सुरुवातीला तिचं नाव 'हलकी' ठेवायचं घाटत होतं; मासिकाच्या कचेरीतल्या बायकांनी डोळे वटारले तेव्हा ते बारगळलं. दर महिन्याला भारिणीचा अंक निघायचा आणि पोरं तो फाटेपर्यंत वाचायची. चित्रं काढणारी बाई कोण, हे कुणी विचारत नसे, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे.

ती टेबलाशी बसून दौत उघडते न उघडते तोच लेकीचा फोन आला. हाताला शाई लागलेली, म्हणून तिने कोपराने स्पीकर सुरू केला.

"आई, त्या शुश्रूषागृहातून परत फोन होता. खाट रिकामी झालीय. शनिवारपर्यंत सांगा म्हणतात, नाहीतर दुसऱ्याला देतील."

"देऊ देत. जमतंय मला आता."

"मागच्या महिन्यात तर ढसाढसा रडत होतीस फोनवर. होत नाही म्हणून."

"मागच्या महिन्यात तुझे बाबा अंग टाकून देत होते. आता जोर लावतात. आज तर असे उठले, मीच पडत होते."

"आणि तुझी पाठ? डॉक्टर काय म्हणाले विसरलीस? उद्या तू आडवी झालीस तर तुम्हा दोघांना उचलायला कोण येणार, भारिणी?"

"आली तर चहा पाजेन तिला," ती म्हणाली आणि फोन बंद केला. किती दिवसांनी तिला मनापासून हसू आलं होतं. माणूस घरातच राहणार होता. त्या पांढऱ्या भिंतींच्या खोलीत, अनोळखी माणसांच्या ओळीत त्यांना ठेवून यायची वेळ टळली होती. ती गुणगुणत उरलेलं पान पुरं करू लागली.

त्या महिन्याच्या गोष्टीत गिरणीला आग लागते. म्हातारा पहारेकरी बेशुद्ध पडलेला असतो आणि नेमकी तेव्हा भारिणीची शक्ती गेलेली असते. पहिल्या तीन चौकटींत ती त्याला साध्या बाईसारखी, स्वतःच्या अंगाच्या बळावर उचलते. चौथ्या चौकटीत शक्ती परत येते आणि म्हातारा हलका होतो. बस, एवढीच गंमत. पण चौथ्या चौकटीला अर्थ यायचा तर आधीच्या तिन्हींत वाचणाऱ्याचीही कंबर दुखली पाहिजे.

दुपारी मदतनीस बाई आली. ती त्यांना जेवू घालून संध्याकाळपर्यंत जवळ बसायची. तिच्यावर घर सोपवून, पानं काखेत मारून ही कचेरीत गेली.

संपादक तिच्या लेकीच्या वयाचा होता. गुणी पोरगा, तिला घाबरूनच असायचा. त्याने पान टेबलावर पसरलं, चष्मा कपाळावर चढवला, खाली आणला, आणि घसा खाकरला.

"ताई, एक विचारू? रागावू नका."

"रागावण्यासारखं असेल तर रागावेन. विचार."

"यात वजन नाहीये."

"कशात?"

"म्हाताऱ्यात. तो चौथ्या चौकटीत हलका व्हायला हवा ना? तुमचा पहिल्यापासूनच हलका आहे. हे बघा, भारिणी सरळ उभी आहे. टाच टेकल्यासारखी वाटतच नाही. म्हातारा म्हणजे नुसते कपडे भरून ठेवल्यासारखा दिसतोय."

तिचं डोकं फिरलं. इतक्या वर्षांत तिला चेहरे चुकले म्हणून सांगणारे भेटले होते, हात मोठे झाले म्हणणारेही भेटले होते. वजन नाही, असं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती.

"तू उचललायस कधी माणूस?"

"नाही."

"मग मला शिकवू नकोस. माणूस असाच उचलतात. मी रोज उचलते. आज सकाळीच उचलून आले, तोच हात, तीच कंबर. जे अंगाला कळलं तेच कागदावर उतरलंय."

"बरं, ताई," तो पोरगा म्हणाला. "तुम्ही म्हणता तर असेल तसं."

पण त्याची नजर भिंतीकडे गेली. त्याच्या नजरेमागोमाग हिचीही. भिंतीवर जुन्या अंकांची मुखपृष्ठं लावलेली होती. एकात भारिणीने पुरातून एका माणसाला खांद्यावर आणलं होतं. तिची मान एका बाजूला दाबली गेली होती, पाऊल चिखलात घोट्यापर्यंत रुतलं होतं, आणि खांद्यावरचा माणूस असा लोंबत होता की बघणाऱ्याने आपसूक हात पुढे करावेत.

तिने पुन्हा टेबलावरच्या पानाकडे पाहिलं. पोरगा बरोबर बोलत होता. पान अगदी खरं होतं, आज सकाळी झालं होतं तसंच काढलेलं होतं, आणि त्यातल्या माणसाच्या अंगात काही उरलेलं नव्हतं.

जोर लावणारा माणूस असा येत नाही. जोर लावला तर धक्का बसतो, पाय घासतो, खांदा खांद्याला भिडतो. हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच? सकाळी ते नुसते उचलले गेले होते.

"ताई? बरं वाटत नाहीये का? पाणी आणू?"

"पान राहू दे," ती म्हणाली. "मी घरी जाऊन येते."

रस्त्याने ती जवळजवळ पळतच गेली. दार लोटलेलंच होतं. मदतनीस बाई ओट्याशी उभी राहून वाटीतला कुस्करलेला बटाटा आणि अंडं आपल्या डब्यात काढत होती. हिला बघताच तिच्या हातातून चमचा पडला.

"ताई, देवाशपथ, मी चोर नाही."

"मग हे काय आहे?"

"काका खात नाहीत. दोन घास घेतात आणि तोंड मिटतात. टाकवत नाही म्हणून नेते मी."

"कधीपासून?"

"झाला की महिना."

"आणि मला सांगायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं?"

"त्यांनी हात धरून गळ्याची शपथ घातली हो. मला म्हणतात, तिची पाठ गेलीय. आता शपथ घातल्यावर मी काय करू? तुम्हीच सांगा." ती रडायलाच लागली. "रोज म्हणत होते, आज चांगलं उचललं तिने मला. इतके खुश असायचे!"

सकाळी आणि रात्री ही स्वतःच्या हाताने भरवायची तेव्हा ते अर्ध्यावर मान हलवायचे, आणि ती समजायची की दुपारचं पोटभर होत असेल. चार घास कमी खाल्ले तर मनातल्या मनात तेवढंच बरं, असंही तिला एकदा वाटून गेलं होतं. तिने डब्यातलं सगळं परत वाटीत काढलं, बाईला घरी पाठवलं आणि आत गेली.

ते जागेच होते. अवेळी आलेली बघून त्यांचा चेहरा उजळला, मग हातातली वाटी दिसली आणि तो उतरला. तिने खाटेच्या कडेला बसून त्यांची चादर बाजूला केली. सदऱ्याची बटणं काढली. रोज अंग पुसणारी ती, पण रोज बघत होती की नव्हती कोण जाणे. बरगड्या वर आल्या होत्या. ज्या खांद्यावर गोणी ठेवून ते खोलीभर फिरले होते, त्या खांद्याच्या हाडावर तिने हात ठेवला.

"का हो असं केलंत?"

"सो...पं," ते म्हणाले. "तुला."

"मला सोपं? उद्या गेलात म्हणजे अजून सोपं जाईल का मला? हा शहाणपणा शिकवला कुणी तुम्हाला?"

त्यांनी बरा हात उचलला आणि तिच्या गालाला लावला. "शा...बास," ते म्हणाले. "म्हणालीस. तू."

मग ती रडली. वाटी मांडीवर तशीच, आणि ती तोंड न झाकता रडली. रोज सकाळी ती त्यांना शाबासकी देत होती आणि रोज ते एक घास कमी करत होते. इकडे ती व्यायामाचे गोडवे गात होती!

जरा वेळाने त्यांनी तिचा पदर ओढला. बोट दाराबाहेर, तिच्या टेबलाकडे, फोनकडे केलं.

"तिकडे," ते म्हणाले. "नको."

मागच्या महिन्यात, शाईच्या हाताने, त्याच टेबलाशी बसून ती लेकीला म्हणाली होती, 'होत नाही गं माझ्याच्याने, बघ कुठे जागा मिळते का.' मधे दाराला पडदा होता नुसता. म्हणजे हे सगळं तिच्या पाठीसाठी होतं आणि तिच्या पाठीसाठी नव्हतंही. हमालांच्या मुकादमाने हिशोब अगदी सरळ केला होता. ही उचलू शकते तोवर हे घर, नाहीतर ती खाट. ओझं उचलणाऱ्याच्या बळात काही वाढ होण्यासारखी नव्हती, म्हणून त्यांनी ओझंच कमी करायला घेतलं होतं.

आणि आता ती वाटी घेऊन बसली होती. खाल्लं तर ते भरणार, जड होणार. तेच तर तिला हवं होतं. आणि तेच पेलायला ती पुरी पडणार नव्हती, हे तिच्या कमरेतली कळ आत्ताही, नुसतं वाकून बसल्यावरही, तिला सांगत होती.

तिने डोळे पुसले आणि चमचा भरला. "आ करा."

त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"अहो, लहान पोरासारखं करू नका. आ करा."

"आधी... सांग."

"काय सांगू?"

त्यांनी परत फोनकडे बोट केलं. चमचा दोघांच्या मधे तसाच थांबला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. शनिवार परवावर आला होता.

"नाही पाठवणार," ती म्हणाली. "कुठ्ठे पाठवणार नाही तुम्हाला. झालं?"

ते तिच्याकडे बघत राहिले. चेहऱ्याकडे नाही, तिने नकळत कमरेवर दाबून धरलेल्या डाव्या हाताकडे, एका अंगावर कललेल्या खांद्याकडे. गोदामाच्या दारात उभं राहून आत येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे त्यांनी जन्मभर असंच पाहिलं होतं.

"खोटं," ते म्हणाले. झटका आल्यापासून इतका स्वच्छ शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता.

मग त्यांनी आ केला.