भावजींची भांडी

ताईच्या घरात समानता म्हणजे रात्रीची भांडी. लग्नानंतर पुष्कळ वाद घालून तिने एवढं एकच काम भावजींच्या गळ्यात घातलं होतं. स्वयंपाक, कपडे, सासूबाईंचं औषधपाणी, सगळं ताईकडेच. वर रक्त तपासायच्या लॅबमधली नोकरी. मी नाक मुरडायचे, तर म्हणायची, "असू दे गं, तेवढा वेळ तरी माझा असतो."

त्या वेळात ती टेबलावर पुस्तकं पसरून लॅबप्रमुखाच्या परीक्षेचा अभ्यास करायची. मोठ्याने पाठ म्हणायची. अडखळली, की सिंकपाशी उभे असलेले भावजी म्हणायचे, "हं, पुढे?"

मग साबणाने भावजींच्या बोटांना भेगा पडल्या. ताईचा जीव तुटला. बोनस मिळाल्याबरोबर तिनेच डिशवॉशर आणला. "सुटलो बुवा एकदाचा!" म्हणून भावजी सोफ्यावर जे बसले, ते बसलेच.

मशीन भांडी घासतं, पण खरकटं काढत नाही. ताटं रचावी लागतात, जाळी साफ करावी लागते, करपलेली कढई हातानेच घासावी लागते. भावजींनी एकदा पेले कसेही कोंबले आणि दोन फुटले. ताई चिडून म्हणाली, "राहू दे, मी करते." तिचं दुसरं कुठलंही वाक्य त्यांनी इतकं मनावर घेतल्याचं मला आठवत नाही.

"काम त्यांचं होतं ना? मग मशीनही त्यांनीच लावायचं," मी म्हटलं.

"त्याला सांगत बसण्यापेक्षा माझंच पटकन होतं."

परीक्षेत ताई नापास झाली. तिच्याकडूनच काम शिकलेला सहकारी तिचा साहेब झाला. निकाल लागला त्या संध्याकाळी मी तिथेच होते. भावजींना खरंच वाईट वाटलं होतं. म्हणाले, "आता तर सगळं मशीनच करतं. मग तुझा वेळ जातो तरी कुठे?"

"तुझ्याकडे," ताई म्हणाली आणि रडायला लागली.

नापास होण्याचं तिला फारसं काही नव्हतं. इतकं झगडून मिळवलेलं आपण आपल्याच हाताने, मायेपोटी देऊन टाकलं आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही, याची तिला हळहळ होती.

भावजी सोफ्यावरून उठले. मग टीव्ही बंद करून आत गेले. ताटं उचलल्याचे आवाज आले आणि थांबले.

"अगं," त्यांनी हाक मारली, "हे सुरू कसं करायचं?"

ताई डोळे पुसत उठली.