मांडी मोजली ती पँटसाठी

मित्रांनो, मी एक जुनी कापडी टेप आहे. चाकणच्या एका कंपनीच्या दवाखान्यात, टेबलाच्या खणात पडून असते. माझे पहिले दहा आकडे पुसट झाले आहेत. ते कामाने झिजले, पडून राहून नव्हे. एवढा मान तरी मला द्या.

ते दिवस आबाजी डॉक्टरांचे होते. कामगाराने गाठ आहे म्हटलं, की ते आधी कपडा बाजूला करायला लावत. गाठ मऊ आहे की घट्ट, हलते की नाही, हे बोटांनी चाचपून बघत. मग म्हणत, "आता पाय ताठ कर." स्नायू आवळल्यावर गाठ हलेनाशी झाली, तर ती खोलवर आहे हे त्यांना कळे. शेवटी मला लावत. पाच सेंटिमीटरच्या वर असली किंवा वाढत असली, की मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी. बहुतेक गाठी साध्या चरबीच्या निघत, पण बघितल्याशिवाय ते कुणाला सोडत नसत.

ते निवृत्त झाले आणि माझे दिवस फिरले. आता वर्षातून एकदा तपासणी असते. शिफ्ट संपवून आलेले कामगार रांग लावतात आणि नवे डॉक्टर मान वर न करता फॉर्म भरतात. 'गाठ किंवा सूज' या रकान्यात 'नाही' हे आधीच छापलेलं असतं. केवढी ही सोय!

गेल्या वर्षी वेल्डिंगवरचा बुद्धभूषण त्यांच्यासमोर आला.

"सर, मांडीला गाठ आलीये."

"दुखते?"

"नाही ओ, अजिबात नाही."

"मग चरबी असेल. सही करा. पुढचे या."

बुद्धभूषण सही करून निर्धास्त गेला. दुखत नाही म्हणजे काही नाही, हे दोघांनाही पटलं होतं. मी खणात चरफडत राहिले.

सात महिन्यांनी स्टोअरचा शेखर मला उचलून घेऊन गेला. बुद्धभूषणची युनिफॉर्मची पँट उजव्या मांडीत बसत नव्हती, म्हणून माप घ्यायचं होतं. डावी मांडी चोपन्न सेंटिमीटर, उजवी एकसष्ट.

"भावा, एकाच पायाची जिम लावली का?" शेखर म्हणाला. दोघंही हसले. आकडा चिठ्ठीवर गेला आणि चिठ्ठी शिंप्याकडे. माझ्याखाली ती गाठ दगडासारखी लागत होती. मला तोंड असतं, तर मी दोघांनाही तिथेच झापलं असतं.

पँट छान ढगळ शिवून आली. चार महिन्यांनी बुद्धभूषणचा पाय काढावा लागला. मांडीच्या मांसात कॅन्सर वाढला होता.

त्याची बायको मिनल जुना फॉर्म बघायला आली. 'गाठ किंवा सूज: नाही', आणि खाली नवऱ्याची सही.

डॉक्टर म्हणाले, "त्यांनीच सांगितलं होतं, दुखत नाही म्हणून."

"मग दुखल्यावरच माणसाला हात लावायचा का, सर?"

डॉक्टरांनी फॉर्म परत फाइलला लावला.

मित्रांनो, मला फेकून दिलंत तरी चालेल. पण घरात कुणी म्हणालं, "गाठ आहे, पण दुखत नाही," तर हसण्यावारी नेऊ नका. त्याला डॉक्टरांकडे न्या आणि सांगा, कपडा बाजूला करून, हात लावून, मोजून बघा. ते चिडले तरी खुर्चीवरून उठू नका.